शून्यावर आणलेली रायफल

आधीच कबूल करून टाकते. खंडेनवमीच्या दिवशी मी माझ्या सुनेची रायफल सरळ केली. वाकडी दिसत होती म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं, उलट हात लावू नका असं बजावलं होतं. आणि रायफलीतलं मला तेव्हा एवढंच कळत होतं की नळीचं तोंड आपल्याकडे नसावं. तरीही केली. साठी बुद्धी नाठी म्हणतात, माझी अठ्ठावन्नाव्या वर्षीच गेली, दोन वर्षं आगाऊ.

आज मी सहासष्टची आहे. त्या अठ्ठावन्न वर्षांच्या बाईचा कान धरून तिला अंगणात उभी करावी असं मला अजून वाटतं. काय तिचा तोरा! पेणला आमचा गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे भोंगा-धुराडं काही नाही, मूर्ती घडवायच्या शेडलाच आमच्याकडे कारखाना म्हणतात. साच्यातून काढणं, घासणं, रंग मारणं ही कामं दहा जणांत वाटलेली. डोळ्यांची आखणी मात्र एकाच हाताची, आणि तो हात माझा. एक बुबुळ दुसऱ्यापेक्षा केसभर खाली गेलं की बाप्पा रुसलेला दिसतो. तीस वर्षं हे केल्यावर नजरेला एक रोग जडतो. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं असलं तर मला घास गिळवत नाही. दुसऱ्याच्या घरी हळदीकुंकवाला गेले तरी निघताना त्यांचं पायपुसणं सरळ करून येते. लोक म्हणायचे, काय बाईची नजर आहे. बाईलाही तसंच वाटायचं, तिथेच सगळा घोटाळा.

सून गागोद्याकडची, भातशेतीच्या घरातली. कॉलेजात खाकी घालून कवायत करायची. तिथे एकदा मुलींना पालथं झोपवून पाच-पाच गोळ्या मारायला दिल्या, तर हिच्या पाचही गोळ्यांची भोकं एका नाण्याखाली झाकली गेली. तिथून पुढे ती थांबलीच नाही. इतर मुली माहेरून शिलाई मशीन आणतात, हिने शस्त्राचा परवाना आणला आणि त्यावरची पॉइंट टू-टूची रायफल. शिकारीची नाही, पन्नास मीटरवरच्या कागदाला भोकं पाडायची. गोळी माझ्या करंगळीच्या पेराएवढी. रायफल लोखंडी कपाटात कुलपात, तिचा बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा दांडा, वेगळ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या सुनेच्या कमरेला.

शेजारीण कुंपणावरून ओरडायची, "काय गो, सून बंदूक घेऊन आली! आता आमटीत मीठ जास्त पडलं तरी बोलू नको हां!"

मी हसायचे. पण आतून मला ते काही पटलेलं नव्हतं. नात झाल्यावर तर मुळीच नाही. पोर सात महिन्यांची, गणपतीच्या कामाची घाई, आणि सूनबाई आठवड्यातून तीन सकाळी रोह्याच्या नेमबाजीच्या रेंजवर. पोर माझ्या कडेवर, माझ्या हातात ब्रश, ब्रश पोरीच्या तोंडात. एक दिवस चहाच्या वेळी मी मुलासमोर सरळ सांगितलं, "दसऱ्यानंतरची ती निवड चाचणी आहे ना, तेवढी एक दे. राज्याच्या संघात नाव आलं तर माझं तोंड बंद. नाही आलं तर परवाना परत करायचा, रायफल कुणाला तरी देऊन टाकायची, आणि माझ्या शेजारी बसून आखणी शिकायची."

मुलगा बशीतल्या चहाकडे बघत राहिला. जणू तिथे काहीतरी लिहिलं होतं.

सून म्हणाली, "बरं."

एवढंच म्हणाली. मला वाटलं, जिंकले.

पुढचे दोन महिने ती आमच्या माडीवर चटई टाकून पालथी पडलेली असायची. गोळी नाही, काही नाही. नुसती रायफल खांद्याला लावायची, डोळे मिटायचे, उघडायचे, काहीतरी सैल करायचं, पुन्हा आवळायचं. मी एकदा विचारलं, "इतकी वर्षं मारतेस, अजून तुला ती धरता येत नाही?"

"आई, ही ब्लाउजसारखी असते," ती म्हणाली. "माझ्या मापाची बसवावी लागते. बाळंतपणात माझं अंगच बदललं. खांदा भरला, मान बदलली, जुनं एक माप बसत नाही."

मग तिने दाखवलं. गाल टेकायची पट्टी वरखाली होते, तिरपी होते. खांद्याला लागणारी पट्टी फिरते. आणि मागे, जिच्यातून बघायचं त्या साइटवर दोन गोल चकत्या, एक डोक्यावर, एक बाजूला. त्या फिरवल्या की गोळी कुठे लागणार ते सरकतं. गालाची, खांद्याची मापं ती एका वहीत लिहून ठेवायची. मी मान डोलावली. कान माझे होते, लक्ष आमटीकडे होतं.

अष्टमीला तिचा शेवटचा सराव झाला. रोह्याहून आली तीच हसत. "बसली," म्हणाली. "आता चाचणीपर्यंत हात लावणार नाही तिला." दोन दिवस रायफल बघायचीसुद्धा नाही असा तिचा नियम होता.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. पाटावर लाल कापड, त्यावर कोयता, विळी, कोरण्या, माझे आखणीचे ब्रश, आणि खाली जमिनीवर रंगाचा कॉम्प्रेसर, कारण तो पाटावर मावत नाही. मी म्हटलं, घरात खरंखुरं हत्यार असताना ते कपाटात ठेवून विळीची पूजा करायची म्हणजे देवीला काय वाटेल? सूनबाईने जरा विचार केला. मग बोल्ट न लावता रायफल पेटीसकट आणली, काढून पाटावर आडवी ठेवली आणि म्हणाली, "आई, लाकडाला एक टिळा लावा. बाकी कुठेही हात लावू नका."

"मी काय लहान आहे?" मी म्हटलं.

तेवढ्यात पोर रडली, ती तिला पाजायला आत गेली.

मी टिळा लावला. फूल वाहिलं. आणि मग माझी ती प्रसिद्ध नजर कामाला लागली. रायफल सगळी वाकडी! गालाची पट्टी एका अंगाला कललेली. खांद्याची पट्टी पिळवटलेली, मोडून जोडलेल्या हातासारखी. आणि साइटवरच्या चकत्यांवर बारीक पांढऱ्या रेघा, आकडे, एक शून्य. पण खूण शून्यासमोर नव्हतीच, भलतीकडेच. देवीसमोर असं ठेवायचं? पेटीत एल आकाराची छोटी किल्ली होती. पट्ट्या सैल केल्या, ओळंब्यात आणल्या, घट्ट केल्या. मग चकत्या. फिरवल्या की कट, कट, कट असा आवाज यायचा. इतका गोड, इतका मोजका, की वरची चकती मी शून्यावर आणल्यावरही उगाच आणखी गोल फिरवली. मग पुन्हा शून्यावर थांबवली. दोन पावलं मागे जाऊन बघितलं. आता कशी, गणपतीच्या सोंडेसारखी डौलदार! स्वतःवर इतकी खूश होते की कॉम्प्रेसरलाही जास्तीचं फूल वाहिलं.

सून आली, न बघताच रायफल उचलून पेटीत ठेवली. नियम ना तिचा. दुसऱ्या दिवशी दसरा, आपट्याची पानं, पाहुणे. त्याच्या दुसऱ्या दिवशी चाचणी.

मुलाने आम्हाला सकाळी गाडीने रोह्याला नेलं. पोर अंगावर पिणारी म्हणून ती बरोबर, आणि पोर म्हणून मी. वडखळ गेलं, नागोठणं गेलं. दोन्हीकडे भातं पिवळी झालेली. सून डोळे मिटून, हात मांडीवर उताणे ठेवून बसलेली. मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला, मुलाने आरशातून माझ्याकडे बघितलं, मी गप्प झाले. आम्हाला रेंजच्या फाटकाशी सोडून तो त्याच्या कामाला गेला.

रेंज म्हणजे पत्र्याची लांब शेड, कुंडलिका नदीच्या पलीकडे. पुढे पन्नास मीटर कापलेलं गवत, मग मातीचा उंच बांध, बांधासमोर कागद लावलेल्या चौकटी. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून मध्ये काठ्यांना कापडाच्या चिंध्या. शेडमध्ये दहा-बारा चटया, मागे दोरी, आणि दोरीच्या बऱ्याच मागे आमच्यासारख्यांसाठी बाकडी. सगळ्यावर देखरेख करायला फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार. मिशा अशा, की दोन्ही टोकं मी लगेच मनात तोलून बघितली. एकसारखी होती. माणूस चांगला असणार, असं मी ठरवून टाकलं.

सून चटईवर आडवी झाली. तिचं ते ताठ कातडी जॅकेट, पट्टा दंडाला, रायफल वर घेतली, गाल टेकवला. आणि थांबली.

गाल उचलला. गालाच्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग खांद्याची पट्टी बघितली. मी बाकड्यावर होते, तिचं तोंड मला दिसत नव्हतं, पण मान दिसत होती. तिने वही काढली, किल्ली काढली, आणि भराभर दोन्ही पट्ट्या पुन्हा वाकड्या करायला लागली. शेजारच्या चटईवरची मुलगी म्हणाली, "काय झालं गं?"

"रस्त्याने सैल झालं असेल," सून म्हणाली. "खड्डे काय कमी आहेत?"

खड्ड्यांचं ते काम नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पण मी स्वतःला समजावलं: लावतेय ना परत? वहीत आहे ना तिच्या? मग झालं. पोरीच्या हातात रव्याचा लाडू दिला आणि चिंध्यांकडे बघत बसले.

सुभेदार खड्या आवाजात सूचना द्यायला लागले. "ऐका सगळ्यांनी! पंचाहत्तर गोळ्या दिलेल्या हायत. साठ गुणांच्या, पंधरा सरावाच्या. एकही वर मिळणार नाय. सरावाला पंधरा मिनिटं. तेवढ्यात आपापली साइट बघून घ्या. साइटचा एक कट म्हणजे तिकडे कागदावर तांदळाचा अर्धा दाणा, ध्यानात असू द्या."

अर्धा दाणा.

मी मनात मोजायला लागले. कट, कट, कट. वरची चकती. किती दाणे झाले? मूठभर? ओंजळभर? गालाच्या आणि खांद्याच्या पट्ट्यांचं वहीत होतं. चकत्यांचं वहीत नव्हतं, हे मला ठाऊक होतं, कारण अष्टमीला तिनेच हसत सांगितलं होतं: हे लिहायचं कशाला, ते रायफलीवरच आहे.

शिटी वाजली. पॉइंट टू-टूचा आवाज काही फार मोठा नसतो, वाळकी काडी मोडावी तसा. शेडभर काड्या मोडायला लागल्या. सुनेने एक गोळी मारली आणि बाजूच्या दुर्बिणीतून बघितलं. बराच वेळ बघितलं. दुसरी मारली. पुन्हा दुर्बीण. तिसरीनंतर तिने बोल्ट उघडून ठेवला आणि नुसतीच पडून राहिली. कागदावर काही नव्हतंच. गोळ्या बांधात जात होत्या.

मग तिने साइटची वरची चकती थोडी फिरवली. चौथी. दुर्बीण. काही नाही.

आता खरं लिहायचं तर लिहितेच. त्या बाकड्यावर बसून मला एक गोष्ट लख्ख दिसली: ही हरली की मी जिंकते. करार मी केलेला. रायफल घरातून जावी ही इच्छा माझी. आणि रायफलीशी वीस मिनिटं एकटी होते तीही मीच. जाऊन सांगितलं तर ती म्हणणार, हिने मुद्दाम केलं. शेजारीण म्हणणार, मुलगा म्हणणार नाही पण बशीत बघणार. नाही सांगितलं तर कुणालाच कधीच कळणार नाही. रस्त्याचे खड्डे आहेतच. ती अठ्ठावन्न वर्षांची शहाणी किती वेळ तशी बसून होती? पोरीने लाडूचा एक घास खाल्ला, तेवढा वेळ. जास्त नाही. पण होती. तो एक घास मी अजून विसरलेले नाही.

सहावी गोळीही बांधात गेली तेव्हा मी पोर काखोटीला मारून दोरीपाशी गेले.

"साहेब, तिला जरा मागे बोलवा."

सुभेदारांनी मागे न बघताच हात केला. "बाई, मागे बसा. लाइनीवर बोलायचं नाय."

"पण महत्त्वाचं आहे."

"समद्यांचंच महत्त्वाचं असतं. बसा."

"अहो, चूक माझी आहे!"

"चूक कोणाची ते नंतर बघू. पोर घेऊन इथं उभं राहायचं नाय, कळतंय का? बाहेर काढीन मी तुम्हाला."

"काढा बाहेर! पण आधी तिला सांगा, मी तिच्या रायफलीचे कान पिळलेत!"

हे मी किती मोठ्याने बोलले त्याचा मला अंदाज नव्हता. शेडमधल्या काड्या मोडायच्या थांबल्या. सुभेदार वळले. "काय केलंत?"

"त्या चकत्या. पूजेला ठेवली तेव्हा. वाकड्या होत्या म्हणून शून्यावर आणल्या."

त्यांनी कपाळाला हात लावला नाही, फौजेचा माणूस, पण मिशीचं एक टोक खाली गेलेलं मी बघितलं. "आरं देवा," ते म्हणाले, हळू. मग इतरांवर ओरडले, "तुमचं काय थांबलंय? वेळ पळतोय!" आणि जाऊन सुनेच्या चटईशी उकिडवे बसले. तिने बोल्ट उघडा ठेवून रायफल खाली ठेवली, उठली आणि त्या ताठ जॅकेटात लाकडी बाहुलीसारखी चालत दोरीपर्यंत आली.

"सराव चालू हाय तोवरच बोलायचं," सुभेदार म्हणाले. "सात मिनिटं राहिलीत."

सुनेच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. राग असता तर बरं झालं असतं.

"शून्यावर आणलंत," ती म्हणाली. "कुठून आणलंत?"

मी डोळे मिटले. आखणीवाल्या बाईला वाकडं कधी विसरता येत नाही, आणि जन्मात पहिल्यांदा त्या रोगाचा उपयोग झाला. "वरची सातवर होती. नेमकी सातवर. बाजूची तीनवर, माझ्या डाव्या हाताला."

"सात आणि तीन. फेरे किती?"

"कसले फेरे?"

"चकती पूर्ण गोल किती वेळा फिरवलीत, आई?"

"बाजूची नाही फिरवली गोल. जवळ होती, लगेच आली. वरची..." मी पोर दुसऱ्या कडेवर घेतली. "वरची फिरवली. शून्यावर आल्यावर परत."

"का?"

"आवाज गोड होता."

सुभेदार खाकरले. सून माझ्याकडे बघतच होती. "किती वेळा?"

"एक. का दोन. मला रेघ दिसते गो, फेरे नाही दिसत."

"कुठल्या बाजूला?"

"नळ उघडतो तसं. हे असं." मी पोरीच्या डोक्यावरच हाताने फिरवून दाखवलं.

ती गेली. आडवी झाली. बाजूची चकती, मग वरची. मला तिची बोटं दिसत होती, ओठ हलताना दिसत होते. सातवी गोळी. दुर्बीण. तिच्या खांद्यावरून कळेना काही. पुन्हा चकती, एक पूर्ण फेरा. आठवी गोळी. दुर्बिणीशी ती जराशीच थांबली, आणि पट्टा सावरला. म्हणजे कागदावर आली होती. दोन फेरे होते तर. गोड आवाजाचे दोन.

मग एकामागून एक गोळ्या, मध्ये मध्ये एखादा कट, इकडे, तिकडे. चौदावी झाली आणि शिटी वाजली. एक सरावाची गोळी वापरायचीच राहिली.

गुणांच्या साठ गोळ्या सुरू झाल्या आणि नेमकं पोरीने भोकाड पसरलं. तिला दूध हवं होतं आणि दूध पन्नास मिनिटं चटईवर पालथं पडून राहणार होतं. मी तिला घेऊन फाटकाबाहेर गेले. त्यामुळे त्या साठातली एकही गोळी मी बघितली नाही. फाटकाबाहेर उन्हात येरझाऱ्या घालत नुसत्या काड्या मोडताना ऐकत होते. बारा जणांच्या काड्यांतून आपली कुठली ते ओळखायचा प्रयत्न करत होते, जसं काही मला कळणारच होतं. पाणी पाजलं, बिस्कीट दिलं, रस्त्यावरचा कुत्रा दाखवला. पोर काही ऐकेना. एकदा आतला आवाज बराच वेळ थांबला, तेव्हा मला घाम फुटला, का ते सांगता येणार नाही. मग पुन्हा काडी मोडली. मी पोरीला म्हटलं, "ही तुझ्या आईची." ती रडायची थांबली नाही, पण मला जरा बरं वाटलं.

तासाभराने यादी लागली. सुभेदार चष्मा नाकावर ओढून भिंतीपाशी उभे होते. सहाशेपैकी पाचशे ऐंशी लागत होते. सुनेचे पाचशे अठ्ठ्याहत्तर.

"पहिल्या दहांत गेली," सुभेदार मला म्हणाले, कुणी विचारलं नसताना. "साइट अजून बसत होती तिची. तिथं आठ गुण घालवले. शेवटच्या पन्नासांत सरासरी बघाल तर तेवढी इथं कोणाची नाय." मग त्यांनी चष्मा काढला. "पण यादी यादी असते, बाई. व्हय ना?"

"व्हय," मी म्हटलं.

सून हात-तोंड धुऊन आली. जॅकेट काढलेलं, पाठीवर घामाने कुर्ता चिकटलेला. माझ्या हातातून पोर घेतली, फाटकाबाहेरच्या आंब्याच्या पारावर बसली, ओढणी घेतली आणि पाजायला लागली. मी शेजारी बसले. मुलगा यायला अजून वेळ होता. रायफलीची पेटी आम्हा दोघींच्या मध्ये होती आणि ती पाराच्या कडेला जरा तिरपी ठेवलेली होती. मी दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळून घेतले.

शेवटी मी म्हटलं, "मी मुद्दाम नाही केलं. पण तुला तसं वाटलं तरी माझी तक्रार नाही. करार मोडला म्हण. मीच मोडला."

तिने पोरीचं डोकं जरा वर घेतलं, रस्त्याकडे बघत राहिली, आणि मग जे म्हणाली ते मी शब्दाला शब्द लिहिते:

"पहिल्या सहा गोळ्यांना मला तसंच वाटलं, आई, खोटं कशाला बोलू. पट्ट्या बघितल्या तेव्हाच वाटलं. मग तुम्ही त्या सुभेदारांशी भांडायला लागलात, सगळ्या शेडला ऐकू जाईल असं. मुद्दाम करणारं माणूस गप्प बसतं. पण ते दोन गुण तुमच्यावर नाही ढकलणार मी, फेरे कळल्यावरही माझा हात कापत होता, ते माझे गेले. आणि करार मोडायचा तुम्हाला काय अधिकार? 'बरं' मी म्हटलं होतं, आता 'नाही'सुद्धा मीच म्हणते. वर्षभर मी पुन्हा मारणार, आठवड्यातून तीन नाही, चार सकाळी, आणि पोरीला तुम्ही सांभाळणार. विचारत नाहीये, सांगतेय."